मावशींचे नऊ सेकंद

“इथून काप,” रेहाना माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “आणि त्या बोलायला लागल्या की तिथं जोड.”

पडद्यावर सुगंधा मावशी होत्या. मागे पोषण आहाराच्या खोलीचे निळे दार, दाराला टेकवून ठेवलेला लांब दांड्याचा झारा, आणि समोर, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेल्या मावशी. पदराच्या काठाला आमचा नवा कॉलर माइक चिमट्याने लावलेला होता. त्या चिमूटभर वस्तूला ओझे असे नव्हतेच, तरी त्यांची मान त्या बाजूला किंचित कललेली होती. रेहानाचा प्रश्न विचारून झाला होता: “मावशी, बुधवारी शिजवायच्या आधी तांदूळ निवडला होता का?” आणि मावशी गप्प होत्या.

पडद्याखालच्या पट्टीवर मी सेकंद मोजले. नऊ.

नऊ सेकंद संपल्यावर मावशी कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाल्या, “न्हाई निवडला. चूक माझीच हाय.”

“थोडं ठेवूया का?” मी विचारले. “निदान निम्मं.”

“नियम काय आहे?”

नियम मला ठाऊक होता. समोरच्या भिंतीवर, प्रयोगशाळेच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर, तो माझ्याच अक्षरात लिहिलेला होता: *तीन सेकंदांपेक्षा जास्त शांतता दिसली की कापायची.* मी कापले. दोन तुकडे एकमेकांना असे बिलगले की मधे काही होते याची खूण उरली नाही. प्रश्न संपतो न संपतो तोच मावशींचे उत्तर येऊ लागले. रेहानाने दोनदा पाहिले आणि समाधानाने ओढणी सावरली.

“बघ,” ती म्हणाली. “आता बातमी वाटते.”

कृष्णाकाठच्या आमच्या गावातील शाळेत दर शनिवारी प्रार्थनेनंतर सहा वर्गांतल्या टीव्हींवर आमचा बातम्यांचा कार्यक्रम लागत असे. नाव होते ‘आठ मिनिटं’. नाव नंतरचे. आधी तो चौदा मिनिटांचा होता आणि त्यात मुख्याध्यापिका देशिंगकर बाईंचे सगळे भाषण, वृक्षारोपणाचे सगळे खड्डे आणि क्रीडास्पर्धेतील सगळ्या विजेत्यांची नावे असत. सोमवारी वर्गप्रमुख मुलांच्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात गोळा करून आणत. एका चिठ्ठीत लिहिले होते, “बातम्या चालू असताना आमच्या वर्गातले तिघे झोपले. नावे हवी असल्यास मिळतील.” त्या चिठ्ठ्या वाचून सातपुते सर रागावले नाहीत. त्यांनी त्या क्रमाने लावल्या, एकेक मोठ्याने वाचली आणि फळ्यावर कार्यक्रमाची लांबी लिहिली: आठ. मग त्याखाली शांततेचा तो नियम.

सातपुते सर आमचे संगणकाचे शिक्षक. तासिका तत्त्वावर नेमलेले, म्हणजे कायम नसलेले. जे कायम नसतात त्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून शाळेतील उरलीसुरली सगळी कामे त्यांच्याकडे येत. पोषण आहार शिजवून घेणे आणि रोज दुपारी एकच्या आत किती मुले जेवली तो आकडा मोबाइलवरून वर कळवणे, हेही त्यांचेच काम. येत्या फेब्रुवारीत त्यांची कायम नेमणुकीची ऑर्डर निघणार, असे शिक्षक-खोलीत बोलले जात होते. हे बोलणे झाले की सर खिडकीबाहेर पाहत.

मला बातम्यांच्या त्या खोलीत आणले ते सरांनीच. आठवीत वर्गासमोर कविता म्हणायला उभा राहिलो आणि पहिल्या ओळीनंतर माझा आवाज जो गेला तो तास संपेपर्यंत परतला नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून कानांवर हेडफोन चढवला आणि म्हणाले, “बोलायचं नसेल तर ऐक. ऐकणाराही लागतो.” कॅमेरा धरणाऱ्या दिग्विजयने त्याच दिवशी माझे नाव ठेवले: म्यूट. शैलेश हे नाव पुढे हजेरीपुरते उरले. मला त्याचे वाईट वाटले नाही. त्या अंधाऱ्या खोलीत, काचेच्या कपाटातील सांगाड्याच्या शेजारी बसून, मी गावाचे आवाज कानांत भरून घेत असे. माणसे बोलण्यापूर्वी घसा साफ करतात, ओठ ओले करतात, शब्द निवडतात. कापून टाकायचे तेच मला अधिक आवडायचे, आणि ते कापायचे काम माझेच होते.

दिग्विजयची एक सवय होती. मुलाखत सुरू करताना घाईत तो बटण दोनदा दाबायचा, मग लाल दिवा लागलेला नाही हे ध्यानात आले की पुन्हा एकदा. आणि शेवटी थांबवायला म्हणून दाबले की तेही दोनदा. त्यामुळे मुलाखत संपली की कॅमेरा थांबल्यासारखा होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि दिग्विजय तो हातात लोंबकळत ठेवून भलतीकडे गप्पा मारत उभा राहायचा. अशा तुकड्यांत जमीन दिसे, पाय दिसत, आणि माइक तसाच राहिलेला असल्याने कुणाचे तरी बोलणे ऐकू येई. आम्ही त्यांना ‘चपला’ म्हणायचो. चपला पुसायच्या आणि शनिवारी कार्ड कोरे करायचे, असा रिवाज होता. मी पुसत नसे. संगणकात ‘गणित सराव’ नावाचे एक फोल्डर केले होते. ते कुणी उघडणार नाही याची मला खात्री होती. कापलेल्या शांतता आणि सगळ्या चपला मी त्यात ठेवत असे.

खिचडीची बातमी मुलांनीच मागितली होती. बुधवारी सहावीतील अकरा मुलांना जेवणानंतर उलट्या झाल्या. दोघांना ग्रामीण रुग्णालयात सलाइन लावावे लागले. गुरुवारी ती घरी आली, पण तोवर गावभर झाले होते. खिचडीत अळ्या होत्या हे पानावर पाहणारी मुले शाळेत होतीच. रेहाना सरांसमोर उभी राहून म्हणाली होती की खोक्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या खिचडीबद्दल आहेत, आणि आपण झाडांचे वाढदिवसच दाखवत बसायचे असेल तर तिला घरी पुष्कळ काम आहे. सर खोक्यातल्या चिठ्ठ्या चाळत राहिले. मग बाईंना विचारून आले. बाईंची हरकत नव्हती. शाळा काही लपवत नाही हे पालकांना दिसेल, असे त्यांचे म्हणणे. शुक्रवारी सकाळी मुलाखत झाली. सर स्वतः बाजूला उभे राहिले.

शनिवारी ‘आठ मिनिटं’ पहिल्यांदा पूर्ण शांततेत पाहिले गेले. मी नववी ‘ब’च्या मागच्या बाकावर होतो. “न्हाई निवडला. चूक माझीच हाय,” असे मावशी म्हणाल्या तेव्हा वर्गात एक आवाज उठला, जसा सामन्यात गडी बाद झाल्यावर उठतो. सोमवारी खोक्यात नव्वदच्या वर चिठ्ठ्या आल्या. “एक नंबर.” “अशाच खऱ्या बातम्या द्या.” जिल्ह्याच्या स्पर्धेला हाच भाग पाठवावा, असे दिग्विजयने तिथल्या तिथे ठरवून टाकले.

त्याच सोमवारी मधल्या सुट्टीत निळ्या दारासमोर रांग लागली तेव्हा झारा दुसऱ्याच बाईच्या हातात होता. बचत गटातील कुणी एक, तिला मुलांची नावे ठाऊक नव्हती. मावशींना मुलांची नावे ठाऊक होतीच, शिवाय कुणाला तळाची करपलेली लागते आणि कुणाला मिरची चालत नाही, हेही ठाऊक होते. अकरा वर्षे त्या चुलीपाशी होत्या.

रेहाना माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिने ताट घेतले नव्हते. परवा, बुधवारी, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे, तिने सांगितले. मावशींना काढायचे हे ठरल्यातच जमा आहे; बैठकीत फक्त तो भाग दाखवायचा आणि सह्या घ्यायच्या.

“त्या स्वतःच म्हणाल्या ना,” ती म्हणाली. “आपण फक्त विचारलं.”

मी रांगेकडे पाहत राहिलो.

“म्यूट, मी तुझ्याशी बोलतेय.”

“हो,” मी म्हणालो. “आपण फक्त विचारलं.”

त्या दुपारी खोलीत एकटा बसून मी नेहमीप्रमाणे आठवड्याच्या चपला ऐकायला घेतल्या. तिसऱ्या तुकड्यात पोषण आहाराच्या खोलीबाहेरची फरशी होती, तिरपी, अर्धी उन्हात. डावीकडे मावशींची पावले: रबरी चप्पल, अंगठ्याजवळचा पट्टा सेफ्टी पिनेने जोडलेला, टाचांच्या भेगांत पिठासारखी धूळ. समोर तपकिरी बूट, पॉलिश केलेले. ते बूट मला ओळखीचे होते. दूरवर दिग्विजय कुणाशी तरी क्रिकेटबद्दल वाद घालत होता. आणि माइक मावशींच्या पदरावर तसाच होता.

“सर, तुमचं नाव घेतलं न्हाई मी,” मावशींचा आवाज आला.

बूट हलले नाहीत.

“मी तुम्हाला काहीच म्हटलं नव्हतं, मावशी.”

“तुमी कशाला म्हणताय. मी बगितलं की तुमच्याकडं. तोंड पांढरं पडलं हुतं तुमचं.”

“तुम्ही सांगत होता, पोतं ओलं आहे, एक दिवस ऊन देऊ, निवडू. मी ऐकायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी शून्य कळवलं असतं तर वरून विचारणा झाली असती, आणि सगळं माझ्या...”

“फेब्रुवारीत हाय न्हवं ऑर्डर?”

“हो.”

“मग झालं तर. मला काय करत्यात? चार दिवस वरडतील न् गप बसतील.”

बूट एक पाऊल पुढे आले. पदरावरून चिमटा निघाल्याची खरखर झाली, आणि तुकडा संपला.

मी तो पुन्हा ऐकला. मग कापलेले नऊ सेकंद काढून पाहिले, आवाज बंद करून. तिसऱ्या सेकंदाला मावशींची नजर कॅमेऱ्यावरून सुटते. पाचव्याला ती चौकटीच्या डाव्या कडेपाशी पोचते, आणि कडेच्या पलीकडे, आम्हाला न दिसणाऱ्या जागी, कुणाकडे तरी स्थिरावते. आठव्याला पापण्या मिटतात. नवव्याला ती परत येते, आणि मावशी बोलतात. शुक्रवारी हे सगळे मी पाहिले होते. तेव्हा फक्त लांबी मोजली होती.

मंगळवारी शाळा सुटल्यावर सर खोलीत आले. पेन ड्राइव्ह तयार आहे का, उद्या बैठकीत लावायचा आहे, हे विचारायला. मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला, जसा त्यांनी वर्षापूर्वी माझ्या कानांवर चढवला होता, आणि तुकडा लावला.

पडद्यावरच्या पावलांच्या त्या दोन जोड्यांकडे पाहत ते उभे राहिले. तुकडा छत्तीस सेकंदांचा होता. छत्तीस सेकंद मी त्यांच्या बुटांकडे पाहत होतो. आज त्यांवर धूळ होती. हेडफोन काढून त्यांनी त्याची वायर गुंडाळली, अगदी व्यवस्थित, जशी आम्हाला शिकवली होती तशी.

“चपला पुसायच्या असतात, शैलेश,” ते म्हणाले.

दारापर्यंत जाऊन ते थांबले. मला वाटले, आता ते वळतील आणि आणखी काही सांगतील. काहीही, रागावतील तरी. त्यांनी दाराची कडी दोनदा वाजेल न वाजेल अशी हलवली आणि ते गेले.

मी मावशींच्या घरी गेलो. का गेलो हे तेव्हा मला सांगता आले नसते. एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांची खोली. उंबऱ्यात बसून त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून हसल्या आणि आत ये म्हणाल्या. मी उभाच राहिलो. कसेबसे सांगितले, की माइक चालू राहिला होता, आणि मी ऐकले आहे.

त्यांचा हात सुपातच थांबला.

“कुणाला ऐकवलंस?”

“सरांना.”

“आणि?”

“आणखी कुणालाच नाही.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला कानांवर हात ठेवावेसे वाटले. मग बोट पुन्हा तांदळात फिरू लागले. काळा दाणा दिसला की त्या तो उचलून बाहेर टाकत आणि शेजारची कोंबडी तो टिपत असे. त्या सांगू लागल्या, की सर त्यांच्या धाकट्याच्या वयाचे. सहा वर्षे तासावर राबतात. लग्न ठरत नाही, नोकरी कायम नाही म्हणून. आपले काय, धुणी-भांडी कुठेही मिळतील. त्यांना दुसरी शाळा कुठली मिळायची?

“पण मावशी, उद्या तुम्हाला काढतील,” मी म्हणालो. “चार दिवस ओरडणार नाहीत. काढतील.”

तात्पुरते घरी बसवले आहे असेच त्या समजत होत्या; काढणार हे त्यांना ठाऊक नव्हते. ते मी सांगितले. बोट पुन्हा थांबले. या वेळी बराच वेळ. कोंबडीने मान वाकडी करून सुपाकडे पाहिले. आतल्या खोलीत भिंतीवर शाळेच्या स्नेहसंमेलनाचा एक फोटो होता, त्यात मावशी मागच्या रांगेत, शिक्षकांच्या शेजारी उभ्या होत्या.

“काढू देत,” अखेर त्या म्हणाल्या. “तू माझी शपथ घे. माझं न् सरांचं बोलणं कुणाला ऐकवायचं न्हाई.”

मी शपथ घेतली. आणि घेताना मला हलके वाटले, हे आज लिहायला हवे. मावशींनीच तोंड बंद केले म्हणून मी सुटलो, असे काहीतरी ते वाटणे होते. घराकडे चालताना मी जवळजवळ गुणगुणत होतो. नदीच्या घाटापाशी पोचलो तेव्हा ते गुणगुणणे आपोआप बंद पडले. मी पायरीवर बसलो. सुपात थांबलेले ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. मी सेकंद मोजले नव्हते, पण ते नऊहून अधिक होते.

बुधवारी बैठक अकराला होती. मी नऊला शाळेत गेलो. शिपायाकडून खोली उघडून घेतली. ‘गणित सराव’ उघडले. कापलेले नऊ सेकंद उचलून त्यांच्या जागी परत ठेवले, प्रश्नाच्या नंतर आणि उत्तराच्या आधी. नवा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवला. आता पेन ड्राइव्हवर दोन फाइली होत्या. नावांत फक्त एका आकड्याचा फरक.

बैठक संगणकाच्या वर्गात भरली, कारण मोठा टीव्ही तिथे होता. मधोमध अध्यक्ष थोरबोले आप्पा, त्यांच्या मांडीवर टोपी. एका बाजूला देशिंगकर बाई, दुसऱ्या बाजूला दोन पालक. कडेच्या खुर्चीवर सातपुते सर, हातांत आहाराची वही. रेहानाला बातमीदार म्हणून बोलावले होते. मावशींना खुर्ची दिली होती, पण त्या दाराशी उभ्या राहिल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून. मी टीव्हीजवळ कीबोर्डपाशी होतो. माझ्याकडे कुणी पाहत नव्हते, आणि तेच मला सवयीचे होते.

बाईंनी थोडक्यात सांगितले, की मावशींनी चूक कबूल केली आहे, मुलांनी ती प्रामाणिकपणे दाखवली आहे, आता वेळ न घालवता पाहून घेऊ. त्यांनी मला मान हलवून खूण केली.

माझे बोट पहिल्या फाइलवर होते. ते दुसरीवर गेले.

रेहानाचा चेहरा आला, प्रश्न आला. मग मावशी आल्या आणि गप्प झाल्या. वर्गात पंख्याची घरघर मोठी झाली. एक. दोन. एका पालकाने घड्याळ पाहिले. तीन. पडद्यावरची नजर कॅमेऱ्यावरून सुटली. चार. रेहाना खुर्चीत ताठ झाली आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. पाच.

“अडाकलं काय रं?” आप्पांनी विचारले.

मी फाइल थांबवली. खोलीतले सगळे डोळे आता माझ्यावर होते. आठवीतला तो दिवस मला आठवला. कवितेची दुसरी ओळ त्या दिवशी मला येत नव्हती असे नाही.

“अडकलं नाही, आप्पा,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. “मावशी थांबल्यात.”

“कशापायी?”

शपथ आडवी आली. मी कीबोर्डकडे पाहिले.

“शैलेश, तू चुकीची फाइल लावली आहेस,” बाई म्हणाल्या. “शनिवारी हे नव्हतं.”

“ऱ्हाऊ द्या, बाई,” आप्पा म्हणाले. त्यांनी टोपी मांडीवरून उचलून शेजारी ठेवली. “पुन्यांदा लाव. पयल्यापास्नं.”

मी लावली. या वेळी कुणी घड्याळ पाहिले नाही. आप्पा पुढे वाकले होते, आणि पडद्यावरची नजर जशी डावीकडे सरकत गेली तशी त्यांचीही मान सरकली. नऊ सेकंद संपले. मावशी म्हणाल्या, “न्हाई निवडला. चूक माझीच हाय.” तेच शब्द, तोच आवाज. शनिवारी ते कबुलीसारखे ऐकू आले होते.

“सुगंधा,” आप्पा दाराकडे न पाहता म्हणाले, “कुणाकडं बगतीयास तू?”

“कुणाकडं न्हाई. डोळ्यावर ऊन आलं,” मावशी म्हणाल्या.

“ऊन उजवीकडनं येतंय. तू डावीकडं बगतीयास.” मग ते रेहानाकडे वळले. “पोरी, त्या अंगाला कोण हुबं हुतं?”

रेहानाचे तोंड उघडले. ती कुणालाही, कधीही, काहीही विचारू शकणारी मुलगी. उत्तर देताना मी तिला प्रथमच अडखळताना पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले, मग खाली स्वतःच्या हातांकडे. मी सरांकडे पाहू शकत नव्हतो. काळ्या पडलेल्या टीव्हीच्या काचेत त्यांची आकृती दिसत होती: कडेची खुर्ची, मांडीवरची वही, वहीवर सपाट ठेवलेला हात. मी मोजू लागलो. मोजण्याखेरीज मला दुसरे काही येत नव्हते. सहा. सात. आठ.

खुर्ची फरशीवर घासली.

“मी होतो,” सर म्हणाले.

“सर, बसा तुमी,” मावशी दारातून म्हणाल्या. पडद्यावर नव्हता असा एक थरथराट त्या आवाजात होता. “बसा म्हणते न्हवं.”

सर बसले नाहीत. त्यांनी सांगितले. ओले पोते, मावशींचे नको म्हणणे, एकच्या आत कळवायचा आकडा, सगळे. वर्गात धडा समजावून सांगत त्याच शांत, क्रमवार पद्धतीने. शेवटी त्यांनी आहाराची वही आप्पांच्या समोर ठेवली. मधे एकदाही ते थांबले नाहीत. त्यात कापण्यासारखे काही नव्हते.

मावशी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा निळ्या दाराशी आल्या. फेब्रुवारीत ऑर्डर निघाली, ती दुसऱ्या कुणाच्या नावाची. सर मार्चपर्यंत होते. परीक्षेच्या कामामुळे ‘आठ मिनिटं’ थांबवावे असे बाईंनी ठरवले आणि परीक्षा संपल्यावर ते सुरू करायचे कुणी काढले नाही. शेवटच्या दिवशी सर खोलीत आले. कपाटातील सांगाडा, संगणक, माझी खुर्ची, सगळीकडे एकदा पाहून त्यांनी हेडफोन माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवला.

“तो नियम माझा होता,” ते भिंतीकडे पाहत म्हणाले. “तेवढा काढून टाक.”

मी तक्ता उलटा केला. दर्शनी बाजूला बेडकाची पचनसंस्था होती. सर किंचित हसले आणि गेले. ते आता कुठे आहेत मला ठाऊक नाही. मी पुण्यात एका वृत्तवाहिनीसाठी माणसांचे बोलणे कापतो. तिथे तीन सेकंदही पुष्कळ होतात.

पण मला सांगायचे होते ते त्या बैठकीनंतरच्या गुरुवारचे. म्यूटने घाबरून चुकीची फाइल लावली, असे शाळाभर झाले होते. बाईंनी त्यावरून मला सुनावले, दिग्विजयने नक्कल करून दाखवली, आणि मी कुणालाच दुरुस्त केले नाही. मधल्या सुट्टीत रांगेत माझी पाळी आली. मावशींनी झारा पातेल्यात घातला आणि तो तिथेच राहू दिला.

“काल ते चुकून लागलं व्हय रं?” त्यांनी विचारले. आवाज अगदी हळू होता. मागच्या मुलालाही तो ऐकू गेला नसेल.

माझ्या हातांतील ताट रिकामे होते. मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहवेना. मी त्यांच्या खांद्यापलीकडे, निळ्या दाराकडे पाहिले. त्यांनी अंगावर घेतलेले मी त्यांना न विचारता दुसऱ्याच्या अंगावर टाकले होते. शपथ मोडली नव्हती. एवढेच माझ्याजवळ होते.

“हो, मावशी,” मी म्हणालो. “चुकून.”

त्यांनी झारा उचलला, तळाची थोडी करपलेली खिचडी माझ्या ताटात वाढली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. शाळा सुटेपर्यंतच्या दीड वर्षात त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. मात्र तळाची खिचडी मला कधी मागावी लागली नाही.

‘हो’ म्हणण्यापूर्वी मी किती वेळ थांबलो होतो, ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी माझ्या कानांवर हेडफोन नव्हता. मावशींनी मोजले असावे.